पुराणांची पृथ्वी आणि सिद्धांतांची पृथ्वी

भिलाईच्या पोलाद-कारखान्याला पाणी पुरविणारा मरोद्याचा जलाशय सायंकाळी वारा पडला म्हणजे आरशासारखा निश्चल होतो. काठावर उभ्या असलेल्या मनुष्याला ते पाणी कोठेही फुगलेले दिसत नाही. कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून तिकडे गेलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. समजा, त्यांपैकी एखाद्या घरातील आजोबा पाण्याकडे बोट दाखवून नातवाला म्हणाले, "बघ बरे, पाण्याला कोठे बाक दिसतो का? भागवतातली सपाट पृथ्वीच खरी. तुमच्या पुस्तकातला चेंडू खोटा." आणि नातू उसळून म्हणाला, "मग आबा, तुमचे भागवतच खोटे!" अशा वेळी समजूत कोणाची घालावी? विचारांती असे दिसते की, ती दोघांचीही घालावी लागेल. आणि त्यासाठी परदेशी ग्रंथ उघडण्याचे कारण नाही.

आजोबांच्या डोळ्यांची शंका नवी नाही. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, सिद्धांतशिरोमणी रचला. त्यातील गोलाध्यायात ते सांगतात की, परिघाचा शंभरावा अंश सरळच भासतो. पृथ्वी फार मोठी आणि मनुष्य फार लहान, म्हणून त्याला ती सपाट वाटते. मरोद्यासारखे पाणी दोन किलोमीटर लांब घेतले, तर त्याच्या मध्यावर येणारा चढ सुमारे आठ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे भरतो. दोन किलोमीटरांवरची चार बोटे कोणाला दिसणार! भास्कराचार्यांच्याही पूर्वी लल्लाचार्यांनी सपाटवाद्यांना विचारले होते की, पृथ्वी सपाट असेल तर ताडासारखे उंच वृक्षही दुरून का दिसेनासे होतात?

याहून बळकट प्रमाण यात्रेकरूंच्या नित्य अनुभवातले आहे. रामेश्वरी ध्रुव क्षितिजापासून जेमतेम नऊ अंशांवर दिसतो, मरोद्यास एकवीस अंशांवर, आणि केदारनाथी एकतीस अंशांच्या जवळपास. उत्तरेकडे जितके चालावे तितका तो चढतो, आणि सुमारे एकशे अकरा किलोमीटरांस एक अंश हे प्रमाण वाटेत कोठेही मोडत नाही. पृथ्वी सपाट असती तर असे समप्रमाण कधीच जुळले नसते. भास्कराचार्यांनी हाच धागा धरून सांगितले की, विषुववृत्तावरील लंकेपासून उज्जयिनी परिघाच्या सोळाव्या अंशावर आहे. ते अंतर सोळांनी गुणले की पृथ्वीचा परिघ मिळतो.

मग पुराणांचे काय? एक लक्ष योजनांचे जंबुद्वीप, मध्ये मेरू, भोवती क्षाराचा, इक्षुरसाचा, घृताचा असे सात समुद्र, आणि पन्नास कोटी योजनांचा विस्तार; हे आणि सिद्धांतातला लहानसा गोल एकत्र नांदावेत कसे, या प्रश्नाने आपल्या पंडितांना पूर्वीपासून छळले आहे. गोदाकाठच्या पार्थपूरचे ज्ञानराज यांनी इ. स. १५०३ च्या सुमारास सिद्धांतसुंदर लिहिताना दोन्हींचा मेळ घालण्याचा यत्न केला. परंतु या वादाला खरी धार आली ती एकोणिसाव्या शतकात, माळव्यातील सीहोर येथे.

तेथे लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी होता. आपल्या लोकांना नवे ज्योतिष शिकवायचे तर ते त्यांच्याच सिद्धांतग्रंथांच्या पायरीवरून शिकवावे, असे त्याचे मत होते. त्याच्या पदरी असलेले महाराष्ट्रीय पंडित सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये सिद्धांतशिरोमणिप्रकाश हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि पुराणांतील सपाट पृथ्वी ही गणिताच्या कामाची नाही, हे स्वभाषेत उघड सांगितले. पुण्याचे ज्योतिषी यज्ञेश्वर जोशी रोडे यांना हे रुचले नाही. त्यांनी पुराण आणि ज्योतिष यांत विरोध नाहीच, असा पक्ष मांडला. सुबाजी बापूंनी अविरोधप्रकाशविवेक लिहून त्याला उत्तर दिले. हा सर्व प्रकार १८३७ च्या सुमाराचा. शास्त्र्यांनी शास्त्र्यांशी शास्त्राच्या आधारे केलेला हा वाद आज मराठी घरांत कोणाला ठाऊकही नाही, याचे वाईट वाटते. पुण्यात जन्मलेले आणि नागपुरात शिकलेले बापूदेव शास्त्री याच सीहोरला गेले, पुढे १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले, आणि विल्किन्सनने केलेला गोलाध्यायाचा अनुवाद त्यांनी शोधून १८६१ मध्ये प्रसिद्धीस आणला.

कोणी म्हणेल, पृथ्वी गोल मानली म्हणजे सुबाजी बापूंचा धर्म सुटला असेल. झाले ते उलट. १८३९ मध्ये जॉन म्यूर याने मतपरीक्षा लिहून हिंदुधर्मावर टीका केली, तेव्हा सोमनाथ या नावाने मतपरीक्षाशिक्षा हे शांत उत्तर निघाले. तो सोमनाथ म्हणजे सुबाजी बापूच, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. सपाट पृथ्वीचा खांब काढला तरी घर पडले नाही. कारण घर त्या खांबावर उभेच नव्हते.

याचे मर्म भगवत्पाद शंकराचार्यांनी गीताभाष्यातच, अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, सांगून ठेवले आहे. शंभर श्रुतींनी जरी अग्नी थंड आहे असे सांगितले, तरी त्या विषयात त्या प्रमाण होत नाहीत. जे इंद्रियांना व अनुमानाला कळत नाही, तेथे श्रुतीचे प्रामाण्य. श्रुतीच्या बाबतीत आचार्य इतके स्पष्ट बोलतात, तेथे पुराणातील योजनांच्या संख्येसाठी कोणी डोके फोडावे? त्याच अध्यायात भगवंतांनी ज्ञानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तामस ज्ञान म्हणजे जे एकाच कार्याला सर्वस्व समजून चिकटते आणि ज्याला युक्तीचा आधार नसतो. जलाशयाच्या दोन किलोमीटरांना अखिल पृथ्वी समजणारे आजोबा या लक्षणात बसतात. पण एका भूगोलवर्णनाला सगळे भागवत समजणारा नातूही त्यातून सुटत नाही! पंचम स्कंधात परीक्षिताने भुवनकोशाचे वर्णन विचारले, ते भगवंताच्या स्थूल रूपावर मन स्थिर व्हावे म्हणून. आणि शुकाचार्यांनी आरंभीच सांगितले की, देवांचे आयुष्य लाभले तरी मनुष्याला याचा अंत लागणार नाही. मोजणीसाठी लिहिलेल्या ग्रंथाची भाषा अशी नसते.

हट्ट वाणीला कोठवर नेतो, याचे एक उदाहरण इंग्लंडात घडले. १८७० मध्ये जॉन हॅम्डेन याने पाचशे पौंडांची पैज लावली की, पाण्याला बाक असल्याचे कोणी दाखवून द्यावे. आल्फ्रेड वॉलेस याने सहा मैलांच्या सरळ कालव्यावर सारख्या उंचीच्या खुणा ठेवून दुर्बिणीतून मधली खूण वर आलेली दाखविली. पंचाने निकाल वॉलेसच्या बाजूने दिला. हॅम्डेनने तो न मानता पुढे कित्येक वर्षे त्याला शिव्याशाप दिले, त्याच्या पत्नीलाही धमकीचे पत्र लिहिले, आणि त्यापायी तुरुंग पाहिला. सतराव्या अध्यायातील वाङ्मय तप, म्हणजे उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर भाषण, त्याच्या गावी नव्हते. खरे सांगायचे तर हल्ली हातातल्या दूरध्वनीवर सपाट पृथ्वीचा पक्ष मांडणाऱ्यांच्या, आणि त्यांची टर उडविणाऱ्यांच्याही, गावी ते क्वचितच असते.

आजोबांना नातवाने हसू नये; त्याने त्यांना अंधार पडल्यावर पुन्हा काठावर न्यावे. हात लांब करून उत्तर क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवली, तर मरोद्यास दोन मुठींच्या किंचित वर ध्रुव सापडतो. पुढे आजोबा रामेश्वराच्या यात्रेला निघतील, तेव्हा तेथील समुद्रकाठी, आकाश स्वच्छ असल्यास, त्यांनी तशीच मूठ धरावी. तेथे एकच पुरते.