पोचा

रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा गॅलरीत नेला. स्टीलचा, पायाने झाकण उघडणारा. त्याच्या एका अंगाला तळहाताएवढा पोचा आहे. गेले आठ महिने ते अंग भिंतीकडे वळवून ठेवलेलं होतं. मीच वळवलं होतं.

आतली प्लास्टिकची बादली काढली. गोधडीची घडी घालून तिच्यावर डबा आडवा केला, पोच्याची बाजू खाली. पाटा कधीच गेला, वरवंटा तेवढा उरलाय. त्याला फडकं गुंडाळून आतून ठोके द्यायला लागलो. मध्यावर जोर करायचा नसतो, पत्रा ताणला जातो. कडेपासून सुरुवात करून गोल फिरत, हलक्या हाताने आत यायचं. दर चार ठोक्यांनी मोबाइलचा उजेड तिरपा धरून बघायचं. समोरून न दिसणारा खळगा सावलीत दिसतो.

पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत मठारकाम पाहिलंय. घावांनी तांबं कडक होतं, मग ते तापवून पुन्हा मऊ करून घेतात. स्टीलही ठोकलं की कडक होतं, पण माझ्या गॅलरीत भट्टी नाही. पोचा निम्मा वर आला आणि अडला. आणखी दोन घाव जोरात घातले, तर तिथला पत्रा सैलावला. दाबला की आत, सोडला की बाहेर. टक्, टक्.

त्या आवाजाबरोबर ती रात्र आठवली. मुलाशी वाद झाला होता, तो दार आपटून खोलीत गेला आणि मी डब्याला लाथ घातली. अंगठा चार दिवस ठणकत होता. लंगडतोय का, असं बायकोने विचारलं तर चप्पल चावली म्हणालो. सकाळी तिला पोचा दिसला. ‘मावशींच्या हातून आपटला असेल,’ हे वाक्य माझं. कुणी विचारलंही नव्हतं.

मावशी मोरीत भांडी घासत होत्या. हात पुसत बाहेर आल्या. आपण आपटल्याचं त्यांना आठवत नव्हतं, तरी म्हणाल्या, ‘दादा, पगारातनं कापून घ्या.’ मी म्हणालो, ‘राहू द्या हो मावशी. फक्त यापुढे जरा जपून.’

खोटं बोललो, ते घाबरून. पण हे ‘जरा जपून’ घाबरून आलेलं नव्हतं. माफ करणाऱ्याच्या जागेवर बसायला मला बरं वाटलं होतं. वर बायको म्हणाली, तू किती समजूतदारपणे घेतलंस. तेही मी ठेवून घेतलं. तेव्हापासून मावशी तो डबा दोन्ही हातांनी उचलतात. रिकामा असला तरी.

मग आज हा पोचा कुणासाठी काढत होतो? डब्याचं काम तर अडलेलं नव्हतं. खूण गेली की सांगायचं कारणही जाईल, असा हिशेब होता. म्हणूनच सगळे झोपल्यावर बसलो.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग एवढंच म्हणाली, ‘मला सांगून काय उपयोग?’

डबा जागेवर ठेवलाय, पोच्याची बाजू पुढे करून. मावशी साडेसातला येतात. त्यांना काय सांगायचं ते मनात जुळवतोय. ‘चुकून’ हा शब्द दोनदा आला. दोन्ही वेळा काढला.