पालथ्या हातावर

बसा.

खुर्चीवर, सतरंजीवर, जिथे बरं वाटेल तिथे. पाठ ताठच हवी असं काही नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू दे.

एक हात मांडीवर पालथा ठेवा.

चैत्रातली उतरती दुपार आहे. घरात चैत्रगौर बसली आहे. तिच्या पुढ्यात कलिंगडाचं कमळ आहे, भिजवलेले हरभरे आहेत. आंब्याच्या डाळीला दिलेली फोडणी अजून घरभर रेंगाळते आहे. बायका येताहेत. हळद लागते, कुंकू लागतं. मग कुणीतरी अत्तरदाणी घेऊन समोर उभं राहतं.

आणि कुणी न सांगता हात पालथा होतो.

इथेच थांबू या.

काडी हाताला टेकते. आधी गारवा कळतो. वास त्याच्या मागून येतो.

अत्तर वाळ्याचं आहे.

हात नाकाशी न्या. अगदी चिकटवू नका, चार बोटांचं अंतर ठेवा.

श्वास ओढू नका. येईल तेवढाच येऊ द्या.

सोडा.

पुन्हा एकदा.

काय येतं? माठातलं पाणी येतं का, तळाशी वाळ्याची जुडी घातलेलं? ओली ढेकळं? ताजं तासलेलं लाकूड? जरासा धूर, आणि जिभेच्या मुळाशी थोडंसं कडू?

की काहीच ओळखू येत नाही?

तरी चालेल. नावाची घाई नाही.

नाकाच्या आत, अगदी वरच्या अंगाला, वास टिपणाऱ्या पेशी आहेत. माणसाकडे वास ओळखणाऱ्या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ मध्ये त्यांचा छडा लावला, २००४ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. पाहिलेलं, ऐकलेलं, शिवलेलं मेंदूत थॅलॅमस नावाच्या थांब्यावरून पुढे जातं. वास मात्र तिथे न थांबता थेट भावनांच्या आणि आठवणींच्या भागांपाशी पोचतो. म्हणून तर पुष्कळदा आधी माणूस आठवतं आणि वासाचं नाव मागाहून.

कुणी आठवलं का?

आजी, मावशी, शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई. कुणीही.

तिला असू दे. बोलवायचं नाही, घालवायचंही नाही.

तिच्याविषयी आपल्याकडे तयार शब्द असतात. फार कडक होती. फार सोसलं तिनं. हाताला चव होती. शब्द खरेच असतील. थोडा वेळ ते बाजूला ठेवा आणि तिच्या हाताकडे बघा. पालथ्या हाताकडे.

वर आलेल्या शिरा. पाटलीखाली पडलेला वळ. नखाच्या कडेला राहिलेली हळद. मनगटाच्या जरा वर भाजल्याचा जुना डाग, तव्याच्या कडेचा.

त्या डागाशेजारी अत्तर ओलं चकाकतं आहे.

बघत राहा.

श्वास येतो आहे. जातो आहे.

आता जरा वाळ्याकडे.

वाळा हे गवत. उंच, ताठ, धारदार पात्यांचं. पातं चुरगळून हुंगलं तर गवताचा हिरवा वास येतो, बस्स. खरा वास सगळा खाली. त्याची मुळं आडवी फारशी पसरत नाहीत, सरळ खाली उतरतात. चांगल्या जमिनीत तीन मीटर, कधी त्याहूनही खोल. उतारावरची माती धरून ठेवायला बांधावर वाळा लावतात तो याचसाठी.

मनानं तसंच खाली उतरा.

पात्यांवरून जमिनीपाशी.

जमिनीखाली. इथे काळोख आहे, गारवा आहे.

आणखी खाली.

इथे वास आहे. हुंगायला कुणी येत नाही, तरी आहे.

थोडं थांबा इथे. दोन श्वास, तीन श्वास. मोजलेच पाहिजेत असं नाही.

उत्तर प्रदेशात कनौजला ही मुळं तांब्याच्या देगेत पाण्यात घालतात. वर झाकण, सांधा चिकणमातीनं लिंपलेला. खाली लाकडाची नाहीतर गोवऱ्यांची आच. बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात उतरते आणि भपका गार पाण्याच्या हौदात बसवलेला असतो. अत्तर करायचं असेल तर भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं, ते उतरलेला वास धरून ठेवतं. चंदनाशिवाय नुसतं तेल काढलं तर त्याला रूह म्हणतात. वाळ्याच्या रूहाला तांब्यामुळे हिरवी झाक येते. कारागीर भांड्याला हात लावून, आतला आवाज ऐकून आच कमीजास्त करतो. मुळं सहजासहजी वास सोडत नाहीत. आच वाढवून भागत नाही, वास करपतो. बसून राहावं लागतं.

(स्वस्त कुपीत चंदनाच्या जागी दुसरंच तेल असतं, कधी हिरवा रंगही वरून घातलेला असतो. ते अत्तर पहिल्या झटक्यात होतं नव्हतं तेवढं सगळं देऊन मोकळं होतं.)

बाई आणि तिचं अत्तर यांची जोडी जुळवून टाकायची घाई मात्र सगळ्यांना असते. दुकानात काचेच्या कपाटापलीकडून सांगतात, हे धीट मुलीचं, हे शांत स्वभावाचं, हे ऑफिसला, हे रात्रीच्या कार्यक्रमाला. पॅरिसच्या गेर्लँ घराण्यानं वाळ्याचं प्रसिद्ध अत्तर काढलं ते पुरुषांसाठी. आपल्याकडे तोच वाळा हळदीकुंकवाला बायकांच्या हातावर असतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. गॅब्रिएल शनेल यांनी १९२१ मध्ये अर्न्स्ट बो यांच्याकडून एक अत्तर करून घेतलं आणि त्याला नाव दिलं नाही, नुसता आकडा दिला. नंबर ५. साधी चौकोनी बाटली. त्यातही तळाशी वाळा आहे. मला तो आकडा आवडतो. लावणारी बाई कशी असावी याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

असो. दुकान लांब राहू दे.

हाताकडे या.

हात नाकाशी न्या. सावकाश.

मघाचा वास आता तसाच नाही. कडू बाजू मागे गेली असेल. काहीतरी ऊबदार पुढे आलं असेल. वाळ्यातले बरेचसे रेणू जड असतात, ते हळूहळू उडतात. म्हणून वाळा टिकतो आणि आपल्याबरोबर दुसऱ्या हलक्या वासांनाही धरून ठेवतो. कातडी कोरडी असली तर अत्तर लवकर जातं, तेलकट असली तर रेंगाळतं. अंग तापलेलं असलं तर वास वर येतो.

अत्तरदाणी एकच, काडी एकच.

एकीच्या हातावर वाळा गार आहे, मातीचा.

तिच्या शेजारची भाकऱ्या थापून आली आहे. तिच्या हातावर तो धुरकट.

तिसरीनं आत्ताच गजरा माळला. तिच्या बोटांना मोगरा लागलेला आहे, वाळ्याला त्याची गोडी येते.

यातलं अत्तर किती आणि बाई किती, हे वेगळं काढायला जाऊ नका. तिघींजवळ थोडं थोडं बसा.

आधी पहिलीजवळ.

मग दुसरीजवळ.

तिसरी हसते आहे. हसू द्या.

आता तुमचा हात. तुमच्या हातावर वाळा कसा आहे?

उत्तर द्यायचं नाही. नुसता श्वास.

अजून एक.

वास कमी झाल्यासारखा वाटतो का?

थेंब उडून गेलेला नाही. नाक सरावतं. सतत येणाऱ्या वासाची खबर मेंदू थोड्या वेळानं घेईनासा होतो, म्हणजे नवा वास आला तर कळावा. म्हणून अत्तर लावलेल्या बाईला आपलं अत्तर कळेनासं होतं आणि ती पुन्हा लावते. जिन्यात भेटलेल्या माणसाला मात्र ती दिसायच्या आधी कळते.

तिला स्वतःला ती कळत नाही. जिन्यातल्या माणसाला कळते.

याच्यावर फार विचार करू नका. फक्त कल्पनेत त्या जिन्यात उभे राहा. वरून कुणीतरी उतरतं आहे. पावलं अजून ऐकू येत नाहीत. वास आला आहे.

बायका उठताहेत. ओटीतले हरभरे सांभाळत, चपला शोधत.

तुम्ही उठू नका. थोडं आणखी बसा.

आतून एक वास येतो आहे, इतका वेळ आपण तो घेतला नाही. उकडलेली कैरी. गूळ. ताजा कुटलेला वेलदोडा.

स्वयंपाकघरात कुणीतरी आहे.

ती बाई दुपारपासून पन्हं गाळते आहे, फुलपात्रं विसळते आहे. बाहेरून कुणी हाक मारली की ट्रे दारापर्यंत आणते आणि उंबऱ्याशी थांबते. तिचा नवरा गेलेला आहे. अत्तरदाणी बाहेरच्या खोलीत सगळ्यांपुढून फिरली आणि फडताळात परत गेली.

तिच्या हाताकडे बघा.

पाण्यात राहून सुरकुतलेली बोटं. अंगठ्याला कैरीचा चिकटलेला गर. पदराला पुसलेला हात, पुन्हा ओला झालेला.

त्या हाताच्या पाठीवर काहीच नाही.

तिच्याजवळ बसा. बाकीच्यांजवळ बसलात त्याहून जरा जास्त वेळ.

वेलदोड्याचा वास येतो आहे. येऊ द्या.

तिला कोणतं अत्तर आवडतं? वाळा? की हिना, संक्रांतीला लावतात तो? की मोगरा? लग्नात कोणतं लावलं होतं? आपल्याला माहीत नाही. घरात कुणालाच माहीत नाही, कारण कुणी विचारलेलं नाही. तिचा स्वभाव मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. शांत आहे म्हणतात. कशात नसते म्हणतात.

श्वास घ्या.

सोडा.

पुष्कळ घरांनी ही रीत आता मोडली आहे. जिचं जे असेल ते असो, प्रत्येकीला हळदीकुंकू, प्रत्येकीला अत्तर. पुष्कळ घरांत अजून उंबरा आहे तिथेच आहे.

चैत्रगौर तीजेला बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत असते. महिनाभरात हळदीकुंकवाचा दिवस कोणताही धरता येतो. यंदा तुमच्याकडे असेल तेव्हा काडी अत्तरात बुडवाल, ती पहिल्यांदा स्वयंपाकघरात न्या. हात पुढे करा म्हणा. आणि लावण्याआधी विचारा, तुम्हाला कोणतं आवडतं.