आजारी माणूस कोणाचा?

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीत येते. परीट समाजाची माणसे रथापुढे धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात आणि पालखी सणसरच्या मुक्कामाला जाते. या वाटेवर कुणा वारकऱ्याला ताप भरला तर त्याला गाव विचारले जात नाही. 2023 पासून राज्याचा आरोग्य विभाग 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' या नावाने पालखीमार्गावर औषधोपचाराची मोठी व्यवस्थाही करतो. पावसाळा सरला की याच भागात ऊसतोड टोळ्या येतात. बीडकडून आलेली ही कुटुंबे भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या, माळेगावच्या, सोमेश्वरच्या शिवारांत कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालून राहतात. वारकरी इथे जेमतेम एक दिवस असतो, ऊसतोड कामगार मात्र गाळप हंगामभर. तरीही जो महिनोन्‌महिने राहतो, त्याच्या तब्येतीची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर या शिवारात सहज मिळत नाही. गावाची माया आटली म्हणून हे होते असे मला वाटत नाही. वारकऱ्याच्या आजाराला त्या क्षणी केलेली मदत पुरते. कोपीत राहणाऱ्या गरोदर बाईला मात्र पुढचे पाच महिने तिची आठवण ठेवणारे कोणीतरी लागते.

कणव ही कर्तव्याची सुरुवात असते, पण तिच्यावर आरोग्यसेवा उभी राहू शकत नाही. धर्मशास्त्राने सामान्य धर्म आणि विशेष धर्म असा भेद केला. दया, सत्य, अहिंसा ही सर्वांनी सर्वांशी पाळायची कर्तव्ये, तर विशेष धर्म म्हणजे नेमक्या व्यक्तीने नेमक्या नात्यात पाळायचे कर्तव्य. आपल्या समाजात हा विशेष धर्म जन्माशी बांधला गेला आणि त्याने कितीतरी माणसांना पाण्यापासून, शाळेपासून, वैद्याच्या उंबऱ्यापासून दूर ठेवले, म्हणून त्याचे नाव काढताच मनात संशय यावा हे योग्यच आहे. पण कर्तव्याला मालक लागतो, हा त्यातला विचार जन्मावर अवलंबून नाही. जे सर्वांचे काम आहे ते उद्या कोणी करायचे, हे ठरवले नाही तर ते होत नाही. प्राथमिक आरोग्यसेवेत नाव नोंदवण्याला म्हणूनच नैतिक अर्थ आहे. त्या क्षणी एका माणसाचे आरोग्य दुसऱ्या एका माणसाच्या कामाचा भाग होते.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. बौद्ध भिक्खूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने जर्जर झालेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला बुद्धांना दिसतो. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नसते. बुद्ध आणि आनंद त्याला धुऊन स्वच्छ करतात, उचलून मंचकावर ठेवतात. घर सोडून आलेल्यांना आईबाप नाहीत, तेव्हा तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार, असे बुद्ध संघाला विचारतात. ही गोष्ट बहुधा इथवरच सांगितली जाते. तिच्यापुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. बुद्ध करुणेच्या उपदेशावर थांबत नाहीत, नियम घालून देतात. आजाऱ्याचा उपाध्याय असेल तर त्याने शुश्रूषा करावी, तो नसेल तर आचार्याने, मग शिष्याने, सहवासी भिक्खूने. यांपैकी कोणीच नसेल तर संपूर्ण संघाने, आणि संघाने ती केली नाही तर दोष संघाचा. करुणावंत म्हणून जगाने ज्यांना ओळखले, त्यांनीही शुश्रूषा करुणेच्या भरवशावर सोडली नाही.

देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालात हीच शिस्त प्रशासनाच्या भाषेत आली. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व तिने मांडले आणि त्याला लोकसंख्येच्या हिशेबात बसवले. आज सपाट भागात 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पाच हजारांमागे एक उपकेंद्र आणि साधारण हजारामागे एक आशा स्वयंसेविका असे प्रमाण ठरलेले आहे. आशाताई वस्तीतली घरे मोजते, गरोदर बाया आणि तान्ही मुले वहीत उतरवते, तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि साखर तपासली जावी म्हणून तक्ता भरते. या वहीने काय साधते ते गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटला. त्यात औषधांचा, प्रशिक्षणाचा वाटा होताच. पण कोणत्या घरात कोणती बाई कधी बाळंत होणार, हे आधी माहीत असल्याशिवाय ती औषधे त्या बाळापर्यंत पोचलीच नसती. रक्तदाब दुखत नाही, साखर सुरुवातीला बोलत नाही. अशा आजाराचा माणूस आपणहून दवाखान्यात येत नाही. तो आला नाही हे ज्याच्या लक्षात येईल, असे कोणीतरी असावे लागते.

ऊसतोड कामगार नेमके इथे सुटतात. बाईचे नाव गावाकडच्या उपकेंद्राच्या वहीत असते आणि पोट घेऊन ती इकडे उसाच्या फडात वाकलेली असते. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये इतका गंभीर झाला, की नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. त्या शस्त्रक्रियांमागे मजुरीची सक्ती, गरिबी, नफेखोरी असे पुष्कळ काही होते. पण अंगावर काढलेले दुखणे वेळेत ऐकून घेणारे कोणी या बायांना नव्हते, हेही त्यात होते. टोळी आणणाऱ्या मुकादमाने आगाऊ दिलेल्या उचलीपायी प्रत्येक कोयत्याचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याचा, हिशेब राहतो. माणूस कर्जाच्या वहीत सापडतो आणि आरोग्याच्या वहीत सापडत नाही, ही मला आपल्या काळातली मोठी लाजिरवाणी गोष्ट वाटते. 'आभा' या 14 अंकी आरोग्य ओळख क्रमांकाने हा प्रश्न सुटत नाही. तो क्रमांक रुग्ण कोण ते सांगतो, त्याची काळजी कोण घेणार हे सांगत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही रुग्णालयात भरती झाल्यावरचा खर्च उचलते, म्हणजे आजार बळावल्यानंतर.

नोंदणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासातून येतो. सरकारी यादीत नाव जाणे म्हणजे पकडीत जाणे. आणीबाणीत नसबंदीची उद्दिष्टे याच आरोग्य यंत्रणेवर लादली गेली, आणि 1976 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. ते अमलात आले नाही, पण भीती अनाठायी नव्हती. हा आक्षेप मी मोडीत काढत नाही, कारण यादी दोन्ही बाजूंनी चालते. म्हणून प्रत्येक वहीला एकच कसोटी लावावी: चूक झाली तर ही वही जाब कोणाला विचारते? रुग्णाला विचारत असेल तर ती पाळत आहे. आरोग्यसेवकाला, अधिकाऱ्याला विचारत असेल तर ती सेवा आहे. महावग्गात शुश्रूषा न झाल्यास दोष संघाला लागतो, आजाऱ्याला नाही.

दुसरा आक्षेप असा, की दार सर्वांना उघडे असताना नावे कशाला लिहायची? 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून उपचारांपर्यंत सारे मोफत आहे. तातडीच्या उपचारांना सरकारी रुग्णालयाने नकार देणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग, हे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात 1996 मध्येच सांगितले. दार उघडे राहिलेच पाहिजे, नाव नसलेल्यालाही आधी उपचार मिळालेच पाहिजेत. पण उघडे दार फक्त येणाऱ्याच्या कामाचे. ब्रिटनमध्ये 1948 पासून माणूस घराजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवतो, न्यूझीलंडमध्येही अशीच पद्धत आहे, आणि तिकडे गेलेली मराठी कुटुंबे सुरुवातीच्या कामांतच हे उरकतात. डॉक्टरच्या मानधनाचा मोठा भाग नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर ठरतो, त्यामुळे आज न आलेला माणूसही त्याचाच असतो. डॉक्टर आवडला नाही तर बदलता येतो. इंग्लंडमध्ये तर नोंदणीसाठी पत्त्याचा किंवा ओळखीचा पुरावा अनिवार्य नाही. आपल्याकडे आधी कागद मागण्याची सवय इतकी मुरली आहे, की हे ऐकून अनेकांना तो ढिसाळपणा वाटेल. मला ते रास्त वाटते. माणसाला शोधण्याचे ओझे व्यवस्थेवर असावे, स्वतःला सिद्ध करण्याचे ओझे आजाऱ्यावर नसावे.

त्यातून काटेवाडी-सणसरच्या शिवारापुरती मागणी साधी निघते. कोपी जिथे उभी राहील, तिथले उपकेंद्र त्या कुटुंबाचे. टोळी उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात कारखान्याने तिची यादी उपकेंद्राला द्यावी, मूळ गावच्या वहीतली नोंद मागवून घ्यावी, आणि हंगाम संपला की ती पुढच्या नोंदींसह परत पाठवावी. स्थलांतराच्या वाटेत कोणत्याच वहीत नसलेल्या माणसाची जबाबदारी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची असावी, म्हणजे 'कोणीच नसेल तर संघ' हा नियम इथेही लागू होईल. हे काम शेवटी आशाताईच्याच अंगावर पडणार, हा आक्षेप उरतो, आणि तो खरा आहे. तिला अजून नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा नाही, तिचे उत्पन्न कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर आणि मानधनावर चालते. तिच्या हजार माणसांत पाचशे पाहुण्यांची भर घालायची तर त्या पाचशेंचे वेतन तिला मिळाले पाहिजे, हंगामापुरती दुसरी सेविका मिळाली पाहिजे, आणि तो खर्च ज्यांच्यासाठी ऊस तोडला जातो त्या कारखान्यांनी आणि सरकारने मिळून उचलला पाहिजे.