धारेला कसली इच्छा?

देवरुखात श्रावणातल्या कीर्तनात बुवांचं बोट एकदा तरी मार्लेश्वरच्या धबधब्याकडे वळतं. ‘पाहा, धारेश्वर रात्रंदिवस कोसळतो, कुणाकडे काही मागत नाही. निष्काम कर्म म्हणतात ते हेच!’ माना डोलतात. माझी काही डोलत नाही.

मार्लेश्वरला जाताना मारळ गावाच्या पुढे गाडीरस्ता संपला की पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दोन्ही अंगांना गच्च झाडी, कातळावर शेवाळ, आणि वळणागणिक वाढत जाणारा धारेचा आवाज. हा काळा कातळ लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला. कडा आला की पाणी पडतं. न पडायची मुभा त्याला कधी नव्हतीच. मग त्याने फळाची आशा सोडली, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) कर्म न सोडता फळाची आसक्ती सोडायला सांगितलं. पण सोडायला ती आधी असायला हवी ना! पूजेला बसलो की आपण संकल्प करतो, त्यात तिथी, गोत्र, नाव आणि काय हवं ते सगळं येतं. धारेला ना गोत्र, ना गरज.

इथला देव मार्लेश्वर तरी कुठे निरिच्छ आहे? कथा सांगते, माणसांच्या दुराचाराला विटून तो वस्ती सोडून या कड्यात येऊन बसला. म्हणजे चक्क रुसला. आणि हाच विरक्त दर मकरसंक्रांतीला साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लावतो! आंगवलीहून त्याची पालखी निघते, देवरुखचा व्याडेश्वर वऱ्हाडात असतो. मला हा रुसणारा नवरदेव धबधब्यापेक्षा जवळचा वाटतो. त्याला सोडण्यासारखं काहीतरी आहे.

गेल्या पावसात आत्याला घेऊन दर्शनाला गेलो होतो. तिचे गुडघे कामातून गेलेले, दर दहा पायऱ्यांवर बैठक. देवाच्या गुहेचं तोंड बुटकं, वाकूनच आत शिरावं लागतं. समईच्या उजेडात मार्लेश्वर आणि मल्लिकार्जुन अशा दोन पिंडी. कपारीत साप असतात, पण ते कुणाला डसत नाहीत अशी इथली श्रद्धा. आत्याने सापांची चौकशीसुद्धा केली नाही, ती हात जोडून बराच वेळ पुटपुटत राहिली. मागच्यांची चुळबुळ सुरू झाली तेव्हा मीच तिला बाहेर आणलं.

उतरताना विचारलं, “आत्या, काय मागितलंस एवढं?”

“नातवाला पोलीसभरतीत घे म्हटलं. मग आठवलं, शेजारणीचा पोरगाही त्याच भरतीला बसलाय. म्हटलं, त्यालाही घे.”

“ती शेजारीण? तिच्याशी तर तू बोलतही नाहीस.”

“नाहीच बोलत. पोराने काय केलंय?”

“आणि जागा एकच असली तर?”

“ते त्याचं तो बघेल. तू हात धर आधी, पायरी निसरडी आहे.”