शाकारणीचे नित्यकर्म

चैत्र सरून वैशाखाची उन्हे तापू लागली की गोव्यातील जुन्या कौलारू घरांत कामांची एक ठरलेली मालिका सुरू होते. मंगलोरी कौले ओळीओळीने उतरवायची, त्यांवरचे वाळलेले शेवाळ खरवडून काढायचे, तडकलेली वेगळी करायची, खालच्या रिपा आणि वासे ठोकून वाळवीचा अंदाज घ्यायचा आणि मग प्रत्येक कौल शेजारच्याच्या खाचेत नीट बसवून छप्पर पुन्हा रचायचे. पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, परसातले पाणी वाहून नेणारा चर मोकळा करायचा, घरावर झुकलेल्या माडाचे सुके नारळ आणि झावळ्या उतरवायच्या, पावसाच्या तोंडाशी असलेल्या भिंतीला झापांचा आडोसा बांधायचा. स्वयंपाकघरात याच सुमारास पुरुमेताची भर पडत असते. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, जिथे कोसळतो, तिथे या कामांना पर्याय नाही. ती कशी करावीत हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. ती करणारे हात ते आमच्याहून चांगले जाणतात. त्यांत जे कर्तव्य आहे त्याचे स्वरूप काय आणि ते नेमके कोणाचे, एवढाच प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

आपल्या शास्त्रकारांनी कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे तीन प्रकार मानले. काम्य कर्म फळाच्या इच्छेने करावयाचे, नैमित्तिक हे काही निमित्त घडले म्हणजे, आणि नित्य हे ठरल्या वेळी, इच्छा असो वा नसो. नित्यकर्माविषयीचे एक प्रसिद्ध मत असे की, ते केल्याने वेगळे पुण्य पदरी पडत नाही. न केल्याने मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष, घडतो. घराच्या बाबतीत ही विभागणी आम्हांस फार उद्बोधक वाटते. दर्शनी भाग सजविणे, जुनी जमीन उखडून नवी फरशी घालणे हे काम्य. २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, घरांवर झाडे कोसळली, कौले उडाली. त्यानंतरची दुरुस्ती नैमित्तिक. शाकारणी मात्र नित्य. नैमित्तिकाची वेळ आपल्या हाती नसते, म्हणूनच नित्य वेळेवर उरकलेले असावे लागते.

नित्यकर्माची पंचाईत ही की, ते उत्तम झाले तर काहीच घडत नाही. श्रावणातल्या रात्री पाऊस झोडपत असताना माजघरात कोणी गाढ झोपलेला असतो, हेच त्याचे फळ. आणि झोपलेल्याला त्याची जाणीवही नसते. उलट, ते टळले तर घडणाऱ्या गोष्टी फार सावकाश घडतात. एक कौल सरकते. थेंब वाशावर पडू लागतो. ओले लाकूड मऊ होते, त्यात वाळवी शिरते. दोनतीन पावसाळ्यांत वासा वाकतो, त्याच्यासोबत कौलांची अख्खी ओळ खचते आणि पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर उतरते. आमच्या भिंती चिऱ्याच्या. चिरा सच्छिद्र, पाणी पिणारा, आणि जुन्या बांधकामात दोन चिऱ्यांमधला सांधा अनेकदा मातीचाच. चुन्याचा गिलावा ही ओल हळूहळू बाहेर सोडतो. कोणी घाईने सिमेंट थापले असेल तर ओल आतच कोंडते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागतात. शेवटी एका रात्री भिंत बसते, तेव्हा गाव म्हणतो, पावसाने घर पाडले. पाऊस दरसालचाच होता. पडझडीचा आरंभ कित्येक वर्षांपूर्वीच्या एखाद्या वैशाखात झालेला असतो.

‘आमचे घर’ असे आपण म्हणतो तेव्हा कशाविषयी बोलतो, हेही पाहिले पाहिजे. मंगलोरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला. त्याहून जुन्या घरांवर आरंभी कुंभाराचे नळे किंवा गवता-झावळ्यांचे छप्पर असणार; म्हणजे ज्याला आपण पूर्वजांचे छप्पर म्हणतो तेही बदली आलेले. वासे बदलले, गिलावा बदलला, दारे बदलली. मिलिंदपञ्हात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की रथ म्हणजे आस का, चाके का, जू का; आणि त्यांतले एकही रथ नव्हे असे राजाला कबूल करावे लागते. घराचेही तसेच आहे. त्याच्या कोणत्याही एका भागात ते सापडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी दर वैशाखात वर चढत आले, या अखंडपणामुळेच ते एक घर राहिले. हे मान्य केले तर वारसा म्हणून आपल्याकडे आले ते मुख्यतः एक काम आहे, असे म्हणणे भाग पडते.

आणि येथेच खरा पेच आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलगा आणि मुलगी यांना वारशात समान वाटा दिला. गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यानेही तो राखला. ही न्याय्य गोष्ट आहे आणि आम्हांला तिचा अभिमान आहे. पण तीन पिढ्यांत एका घराचे वीस-पंचवीस वाटेकरी होतात. कोणी मुंबईत, कोणी बेळगावात, कोणी आखातात, कोणी लिस्बनला. कायदा खर्चाचा वाटा ठरवू शकेल. मे महिन्याच्या उन्हात घराकडे कोणी पाहायचे, हे तो ठरवू शकत नाही. चवथीला सगळे जमतात, माटोळी बांधली जाते, राजांगण भरून जाते, मग कोणीतरी वर पाहून म्हणतो, “यंदा बरेच गळते आहे.” हे वाक्य ज्याला ऐकावे लागते तो बहुधा मागे राहिलेला भाऊ असतो, किंवा त्याची पत्नी, जिने आषाढभर गळतीखाली भांडी मांडली.

दूर गेलेल्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. पोटासाठी गेलेल्या माणसाने कौलांसाठी परतावे, असे कोण म्हणेल? इंदूर-बडोद्याची घराणी तर कधीकाळी दुसरी घरे मागे टाकूनच तिथे रुजली. पैसे पाठविणारे पाठवितात, आणि पैशावाचून काम होत नाही हेही खरे. कौलांवर पत्रे घालून दरसालची कटकट मिटविणाऱ्यांनाही आम्ही नावे ठेवणार नाही; शाकारणी जाणणारी माणसे कमी होत चालली, त्यांच्या मुलांनी दुसरे व्यवसाय धरले, यात त्यांचे भलेच आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आमची छपरे शाकारली त्यांची स्वतःची छपरे आमच्यानंतर, पावसाचे ढग दिसू लागल्यावर शाकारली जात, हे आमच्या घराण्यांच्या हिशेबात कधी लिहिले गेले नाही. पितृऋणाची गणना करताना हेही ऋण मोजले पाहिजे.

मग दूर असलेल्याचे कर्तव्य कोणते? आमच्या मते, लक्ष ठेवण्याचे. पैसा दुसऱ्याच्या हाती देता येतो, श्रम मोल देऊन घेता येतात. काळजी मात्र दुसऱ्यावर सोपविता येत नाही. चैत्रात विचारणे की यंदा किती कौले लागतील, कोणता वासा बदलायचा, माणसे मिळाली का. आणि जो तेथे राहतो त्याचा शब्द आपल्या वाट्याच्या कागदाहून वजनदार मानणे. मागे राहिलेल्यानेही आपल्या श्रमांचे मालकीत रूपांतर करू नये, ही त्याच कर्तव्याची दुसरी बाजू. आणि हे कोणालाच साधत नसेल, तर घर जो राखील त्याला ते विचारपूर्वक देऊन टाकावे. विकावे लागले तरी त्यात अधर्म नाही. अधर्म आहे तो हक्क न सोडता घर पावसाच्या स्वाधीन करण्यात, आणि दुर्दैवाने आज अनेक गावांत हेच चालले आहे: दाराला कुलूप, कोर्टात दावा, आणि माजघरात उगवलेला पिंपळ.

भाद्रपदात चवथीनंतर पितृपक्ष येतो. पूर्वजांच्या नावाने आपण पिंड ठेवतो, तो ठेवावाच. मात्र ज्या छपराखाली तो ठेवतो त्याकडे वैशाखात कोणी पाहिले होते, आणि पुढच्या वैशाखात कोण पाहणार, हे त्याच दिवशी, सगळे जमलेले असताना, ठरवून उठावे.