कलेची आवड आणि सेवेचे पाचारण

एखाद्या तरुणाला देवाने गोड गळा दिलेला असतो. नाटकात उभा राहिला की त्याच्या अंगात निराळाच जीव येतो. पुढे त्याच तरुणाला प्रभूच्या सेवेचे पाचारण होते, आणि मंडळीतील वडीलधारी माणसे त्याला सांगतात, “आता हे नाद सोड.” बेळगाव असो, इंदूर असो की वडोदरे, आमच्या घरांतून हा प्रश्न वरचेवर उठतो. कला आणि सेवा या एका म्यानात न राहणाऱ्या दोन तलवारी आहेत काय?

पवित्र शास्त्र तसे म्हणत नाही. परमेश्वराच्या घरातील सेवेसाठी गायनात तरबेज अशी २८८ माणसे नेमली होती, असे पहिल्या इतिहासाच्या २५ व्या अध्यायात आपण वाचतो. ती माणसे नुसती भाविक नव्हती. शिकून तयार झालेली होती. म्हणजे मेहनतीने कमावलेली विद्या हाही सेवेचाच भाग होता. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांनी आपली कविता दाराबाहेर ठेवली नाही. अभंग, ओवी, कीर्तन ही आपल्या मातीतील साधने त्यांनी ख्रिस्ताच्या चरणी आणली. त्यांची भजने आजही आमच्या उपासनेत गाइली जातात.

तरीही धोका आहेच. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू ज्यांना ढोंगी म्हणतो, त्यांच्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द मुळात रंगमंचावरील नटाचा आहे. यावरून नाटक वर्ज्य ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. नट राजाचे सोंग घेतो, पण तो राजा नव्हे हे प्रेक्षकांना ठाऊक असते. तेथे फसवणूक नाही. फसवणूक होते ती प्रार्थनेत सोंग शिरले म्हणजे. ज्याने जन्मात तोंडाला रंग लावला नाही, असा उपदेशकही व्यासपीठावर ठरवून गहिवर आणू शकतो. तेव्हा केवळ कला सोडल्याने हा धोका टळत नाही.

मग समतोल कसा राखावा? इतके तास तालमीला, इतके सेवेला, अशा वाटणीने तो साधत नाही. पहिला मान कोणाचा, हे आधी ठरले पाहिजे. तालमीच्या वेळी आजाऱ्याचे बोलावणे आले तर आपण उठतो काय? मुख्य भूमिका दुसऱ्याला मिळाली तर पडदा ओढायला आनंदाने उभे राहतो काय? कोशापुढे नाचताना दाविदाने मीखलेच्या दृष्टीने आपली प्रतिष्ठा घालविली. परंतु त्याचे नाचणे देवासमोर होते, म्हणून त्याला त्याची खंत वाटली नाही. मान गेला तरी जी कला टिकते, ती सेवेच्या कामाची.

कोणाला सेवेसाठी कला खरोखरच सोडावी लागेल. पण तो त्याचा आणि प्रभूचा प्रश्न आहे. तो निर्णय आपण त्याच्यावर लादू नये. नाताळच्या नाटकासाठी ज्याला आपण हाताला धरून आणतो, त्यालाच वर्षभर नाटक्या म्हणून हिणवणे हा अन्याय आहे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी अशा मुलाला जवळ घ्यावे, त्याला काम द्यावे, आणि हे दान कोणी दिले याची त्याला प्रेमाने आठवण करून द्यावी. दात्याचा विसर पडला नाही, तर दान सेवेच्या आड येणार नाही.