हुशार मुलाचे खेळणे



दीपनगरच्या वसाहतीत कोणाचे मूल वर्गात पहिले आले, कोणाचे किती पारे पाठ झाले, ही वार्ता वीज केंद्राची पाळी बदलण्यापूर्वीच घरोघर पोहोचते. मग पाहुणे आले की त्या मुलाला उभे केले जाते : "बेटा, सूरह सुनाओ." शेजारची मुले दाराशी उभी राहून ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी त्याला खेळात घेत नाहीत. पुढे असे मूल उत्तर येत असूनही गप्प बसते. कधी मुद्दाम चुकीचे लिहिते. पालक याला आळस म्हणतात. वास्तविक ते मूल चारचौघांत जागा मागत असते.

हजरत यूसुफ (अलै.) यांनी बालपणी पाहिलेले स्वप्न असामान्य होते. सूरह यूसुफमध्ये (१२:५) पिता हजरत याकूब (अलै.) त्यांना ते भावांना न सांगण्याची ताकीद देतात. पुत्राच्या श्रेष्ठत्वाचा डंका त्यांनी पिटला नाही. आपण मात्र तो लाऊडस्पीकरवर पिटतो! पुढे भाऊ त्यांना खेळायला नेण्याची परवानगी मागतात, तेव्हा याकूब (अलै.) यांना भय वाटते ते लांडग्याचे. खेळाला त्यांनी नाव ठेवले नाही.

हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांना धर्माची समज लाभावी, अशी दुआ प्रेषितांनी (सल्ल.) केली होती. पुढे हजरत उमर (रजि.) त्यांना तरुण वयातच बद्रच्या ज्येष्ठ सहाबांसोबत बसवीत. हेच इब्ने अब्बास लहानपणी मुलांत खेळत होते. प्रेषित (सल्ल.) येताना दिसताच ते दाराआड लपले. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांच्या पाठीवर प्रेमाने थाप दिली आणि एक निरोप देऊन पाठवले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आहे. 'तू खेळतोस कसा?' असे कोणी विचारले नाही.

प्रज्ञावंत मुलांसाठी पुण्यात १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू झाली. पण खानदेशातील प्रत्येक घराला पुणे गाठणे शक्य नाही. मग त्याच्याच आवडीचा एखादा थोरला विद्यार्थी शोधून द्यावा, म्हणजे मनातले प्रश्न मोकळेपणी विचारता येतील. असरनंतर त्याला मैदानावर जाऊ द्यावे आणि तिथे तो पहिल्या चेंडूवर बाद झाला तरी हसावे. मुलींनाही हा वेळ द्यावा. त्यांच्या वाट्याला तो आणखी कमी येतो.

आणि उत्तरपत्रिकेत मुद्दाम केलेली चूक आढळली, तर रागावू नये. आपले ज्ञान न मिरवणे वेगळे आणि येत असून खोटे लिहिणे वेगळे, हा भेद त्याला एकांतात समजावून सांगावा. पाहुण्यांपुढे तर मुळीच नव्हे.